नोकरी सांभाळून कॅट: ताज्या डोक्याचा हिशेब

दरवर्षी ऑगस्टमध्ये कॅटचे, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या एमबीए प्रवेशपरीक्षेचे, फॉर्म सुरू झाले की हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत ऑफिसांच्या कॅन्टीनमध्ये तोच प्रश्न ऐकू येतो, "राजीनामा टाकून तीन महिने नीट अभ्यास करू का?" माझं मत स्पष्ट आहे: टाकू नका. नोकरी करणाऱ्यांची कॅट बहुतेक वेळा तास कमी पडले म्हणून जात नाही. अवघड काम थकलेल्या डोक्याने आणि सोपं काम ताज्या डोक्याने केलं म्हणून जाते. तेवढी अदलाबदल जमली तर पगार चालू ठेवून ही परीक्षा देता येते. पोस्ट लांब आहे, पण कुणाचा तरी राजीनामा थांबला तर लिहिल्याचं समाधान मिळेल.

आधी पेपर डोळ्यांसमोर आणा. २०२४ च्या कॅटमध्ये ६८ प्रश्न होते आणि वेळ १२० मिनिटं. इंग्रजीचे २४, डीआयएलआरचे (तक्ते-आलेख आणि तर्क) २२, क्वांटचे (गणिताचे) २२. प्रत्येक भागाला ४० मिनिटं, क्रम ठरलेला. एका भागाची वेळ संपल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि पुढे गेल्यावर मागे येता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय चुकला तर १ गुण वजा, आणि उत्तर टाइप करायचं असतं त्या प्रश्नांना वजा गुण नाहीत. गणित बहुतांशी दहावीपर्यंतचं, वर थोडं लॉगॅरिदम आणि परम्युटेशन-कॉम्बिनेशन. हा आवाका दिवसाला दहा तास मागणारा नाही. तो रोज मागतो, एवढंच.

मार्चच्या सुरुवातीला बसलात तर नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ३८-३९ आठवडे मिळतात. पण आराखडा ३० आठवड्यांचाच आखा. उरलेले जाणारच आहेत: अकाउंट्सवाल्यांचं क्वार्टर क्लोजिंग, आयटीवाल्यांचा रिलीज, मे महिन्यातली लग्नं, गणपतीत गावाला जाणं आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर दिवाळी. ३८ आठवड्यांचा आराखडा आखणारा जुलैतच मागे पडतो आणि मग "आता काय उपयोग" म्हणून सोडून देतो. कॅलेंडरमध्ये असे आठवडे आधीच रिकामे सोडा. त्यात रोज फक्त २० मिनिटांची उजळणी ठेवली की धागा तुटत नाही.

आठवड्याचा हिशेब असा: सोमवार ते शुक्रवार सकाळी दीड तास म्हणजे साडेसात तास, शनिवारी तीन, रविवारी मॉकचे (पूर्ण सराव परीक्षेचे) दोन आणि त्याच्या विश्लेषणाचे तीन. एकूण साडेपंधरा. तीस आठवड्यांचे ४६५ तास होतात. शाळेचं गणित बरं असेल तर तेवढे पुरतात. टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग यांची भीतीच बसलेली असेल तर जानेवारीपासून धरा.

आता मुख्य मुद्दा. झोपून उठल्यानंतरचे पहिले दीड-दोन तास म्हणजे तुमची खरी पुंजी. सकाळच्या शिफ्टवाल्यांसाठी ते पहाटे साडेपाच ते सात असतील, अमेरिकेच्या कॉलमुळे रात्री बाराला झोपणाऱ्यांसाठी साडेआठ ते दहा. या वेळात फक्त दोन कामं करायची: डीआयएलआरचे सेट (एकाच माहितीवरच्या प्रश्नांचे गट) आणि क्वांटचा नवा धडा. रात्री ऑफिसमधून आल्यावर सूत्रांची उजळणी, चुकांची वही चाळणं, काल अडलेलं उदाहरण पुन्हा करून बघणं. बहुतेकजण नेमकं उलट करतात. सकाळी चहाबरोबर दुप्पट वेगाने लेक्चरचे व्हिडिओ बघतात आणि रात्री साडेदहाला डीआयएलआर उघडतात. मग सेट सुटत नाही आणि "माझं लॉजिकच कच्चं आहे" असा समज करून घेतात. पटत नसेल तर एक आठवडा प्रयोग करा. अंकगणिताची सारख्या पातळीची दहा उदाहरणं एक दिवस सकाळी सहाला आणि दहा दुसऱ्या दिवशी रात्री दहाला सोडवा, लागलेला वेळ आणि चुका लिहून ठेवा. वहीतले आकडे बघितल्यावर वेळापत्रक आपोआप बदलेल.

आणि कळकळीने सांगतो, त्या दीड तासात टीम्स किंवा आउटलूक उघडू नका. मेल वाचून फोन बाजूला ठेवला तरी त्या मेलचं उत्तर डोक्यात तयार होत राहतं आणि समोरच्या सेटमधले सहा जण, सहा खुर्च्या आणि चार अटी एकत्र धरायला डोक्यात जागाच उरत नाही.

प्रवासाचं बोलायचं तर विरार फास्टमध्ये उभं राहून उदाहरणं सुटत नाहीत, वाचता मात्र येतं. रोज एक हजार-बाराशे शब्दांचा इंग्रजी लेख वाचा. आपल्या आवडीचा नको. अर्थशास्त्र, उत्क्रांती, कलासमीक्षा, इतिहास असं फिरत राहा. वाचून झाल्यावर लेखकाचं म्हणणं काय आणि तो कुणाला खोडून काढतोय, हे मनातल्या मनात दोन वाक्यांत मराठीत सांगा. मराठीत सांगता आलं म्हणजे उतारा समजला. आपल्याकडच्या मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी मुलामुलींना वाटतं की शब्दसंपत्ती कमी म्हणून उतारे चुकतात, आणि ते शब्दांच्या याद्या पाठ करत बसतात. खरी गल्लत असते ती लेखकाची भूमिका आणि त्याने उद्धृत केलेली दुसऱ्याची भूमिका यांत. "हाऊएव्हर" आणि "टु बी शुअर" नंतर वाक्य कुठे वळतं ते बघण्याची सवय लागली की गुण वाढतात. दुचाकीने जाणाऱ्यांनी प्रवासात काहीच करू नये. डोकं मोकळं राहू द्या.

मॉक एकूण वीस ते पंचवीस पुरेत. जूनपर्यंत तीन आठवड्यांतून एक, जुलै-ऑगस्टमध्ये एक रविवार आड, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दर रविवारी, नोव्हेंबरमध्ये चार-पाच आणि शेवटचे चार दिवस एकही नाही. "सिलॅबस संपला की मॉक सुरू करीन" म्हणणाऱ्यांचा सिलॅबस ऑक्टोबरपर्यंत संपत नाही. मॉक एका बैठकीतच द्यायचा. मध्ये कुरिअरवाला आला, घरून हाक आली, पॉज केलं, तर तो मॉक राहत नाही. रविवारचे दोन तास घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर जवळची अभ्यासिका गाठा.

कॅटचे तीन स्लॉट असतात: सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि साडेचार. आपला स्लॉट प्रवेशपत्र आल्याशिवाय कळत नाही, म्हणून मॉक तिन्ही वेळांना फिरवून द्या. साडेबाराचा स्लॉट जेवणाच्या वेळेवर येतो. तेव्हा साडेदहाच्या सुमारास काय आणि किती खाल्लं की अडीचपर्यंत भूकही लागत नाही आणि सुस्तीही येत नाही, हे आधीच तपासून ठेवा. दुसरी गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात: परीक्षेत कीबोर्ड वापरायचा नसतो. कॅल्क्युलेटरही पडद्यावरचा आणि टाइप करायचं उत्तरही पडद्यावरच्या आकड्यांवर माउसने टिचक्या मारून द्यायचं. लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडवर आणि कीबोर्डवर पंचवीस मॉक दिलेल्याचा हात त्या दिवशी अडखळतो. साधा माउस आणा आणि पहिल्या मॉकपासून तोच वापरा. ऑफिसचा लॅपटॉप यासाठी नको. ऐन मॉकमध्ये अपडेट सुरू होतो, नाहीतर मीटिंगची आठवण वर येते.

विश्लेषण हा मॉकचा मोठा भाग आहे, आणि नोकरीवाले सगळ्यात आधी तेच कापतात, कारण रविवार संपत आलेला असतो. एक उदाहरण घेऊ. छापील किमतीवर २० टक्के सूट देऊनही दुकानदाराला १२ टक्के नफा होतो, तर छापील किंमत खरेदीपेक्षा किती टक्के जास्त? समजा क्ष आणि य मानून समीकरणं मांडली, साडेतीन मिनिटं गेली आणि उत्तर ४० आलं. बरोबर, निकालात हिरवी खूण. इथेच सगळे पुढे सरकतात. पण ४० मिनिटांत २२ प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ११० सेकंदसुद्धा येत नाहीत. खरेदी १०० धरा, विक्री ११२. ही विक्री छापील किमतीच्या ८० टक्के, म्हणून छापील किंमत १४०. तीस सेकंदांचं काम. त्या हिरव्या खुणेने तीन मिनिटं खाल्ली आणि शेवटचे दोन सोपे प्रश्न न वाचताच राहिले. म्हणून बरोबर आलेले प्रश्नही तपासायचे, वेळ बघून.

चुकांच्या वहीत प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहा, चारांपैकी एक: येतच नव्हतं, नीट वाचलं नाही, आकडेमोड चुकली, सोडायला हवा होता. पाच मॉकनंतर बेरीज करा. "सोडायला हवा होता" हा रकाना सर्वांत मोठा निघाला तर आणखी थिअरी वाचून काहीही फरक पडणार नाही, निवड सुधारायला हवी. मॉकमध्ये न सुटलेला डीआयएलआरचा सेट उत्तर बघण्याआधी घड्याळ न लावता पुन्हा सोडवा, अर्धा तास लागला तरी चालेल. उत्तर वाचून सेट "कळतो", पण तसाच दुसरा समोर आला की हात चालत नाही.

डीआयएलआरमध्ये २०२४ ला पाच सेट होते. पहिली पाच मिनिटं पाचही सेट फक्त वाचा. कशात तक्ता लगेच डोळ्यांसमोर उभा राहतो, कशात अटी ठोस आहेत, ते बघून क्रम लावा. हातात घेतलेल्या सेटचा तक्ता सहा मिनिटांत आकार घेत नसेल तर सोडा. इथे नुकसान होतं ते हट्टामुळे: बारा मिनिटं घातलीत म्हणून आणखी आठ घालायची. दोन सेट पूर्ण आणि तिसरा बराचसा सुटला तर बहुतेक वर्षी चांगला परसेंटाइल येतो. हा भाग कच्चा ठेवून क्वांटवर भरून काढू, हा बेत करू नका. आयआयएम प्रत्येक भागाचा कटऑफ वेगळा लावतात.

अंदाजाने उत्तर द्यायचं का? चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तर सरासरी शून्य पडते: चारातून एकदा ३ मिळतात, तीनदा १-१ जातो. एक पर्याय खात्रीने कटला की सरासरी प्रश्नामागे एक तृतीयांश गुण हाती येतो, म्हणून तेव्हा खूण करणं रास्त आहे. टाइप करायचा प्रश्न मात्र कधीच कोरा सोडू नका.

रजेबद्दल माझं मत वेगळं आहे. परीक्षेआधी सलग पंधरा दिवस रजा घेण्यात फारसा अर्थ नाही, तेव्हा नवं काही शिकून होत नाही आणि धास्ती वाढते. त्याऐवजी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चार शुक्रवार घ्या, आणि परीक्षेच्या आठवड्यात बुधवार ते शुक्रवार. अर्ज ऑगस्टमध्येच टाका, नोव्हेंबरमध्ये टीममधल्या अर्ध्या लोकांच्या रजा दिवाळीत संपलेल्या किंवा अडकलेल्या असतात.

कॅटनंतर सीईटी, म्हणजे महाराष्ट्राची एमबीए प्रवेशपरीक्षा, सोडू नका. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुणे विद्यापीठाचं पुम्बा यांच्या बहुतेक जागा या परीक्षेतून भरतात आणि फी पुष्कळ कमी आहे. पण स्वभाव पूर्ण वेगळा: २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. लॉजिकलचे ७५, अ‍ॅबस्ट्रॅक्टचे २५, क्वांट आणि इंग्रजीचे ५०-५०. वजा गुण नाहीत. कॅटवाल्यांना "निवडून सोडवा" ची सवय असते, इथे ती मारक ठरते. अर्ध्या तासात ५० लॉजिकल प्रश्न, असे तुकडे रोज करा. अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या आकृत्या कॅटमध्ये नसतात, त्यांना वेगळे तीन-चार आठवडे द्या. शेवटची दोन मिनिटं राहिली की उरलेल्या सगळ्यांवर खूण. प्रश्नाला पाच पर्याय असतील आणि २५ प्रश्न उरले असतील तर सरासरी पाच गुण हाती येतात.

कागदपत्रांत लोक फसतात. कॅटला ओबीसीसाठी केंद्राची यादी आणि केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागतं. राज्याचं एसईबीसी आरक्षण तिथे लागू नाही, सीईटीला आहे. तहसीलच्या फेऱ्या आणि ऑफिस एकत्र जमत नाही, म्हणून हे काम जूनमध्येच उरका. अनुभवाचे महिने मोजताना पदवीनंतरची पूर्णवेळ नोकरी धरतात आणि काही आयआयएमच्या सूत्रात साधारण तीन वर्षांपर्यंत त्याचे गुण वाढत जातात. राजीनामा दिलात की हे मीटर थांबतं. आधीच्या कंपनीचं रिलिव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ एका फोल्डरमध्ये ठेवा.

आणि आपल्या अपॉइंटमेंट लेटरमधली नोटीस पिरियडची ओळ आजच काढून वाचा. निकाल साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धात, मुलाखती जानेवारी ते एप्रिल, प्रवेशाची पत्रं एप्रिल-मेमध्ये आणि वर्ग जूनमध्ये. ९० दिवसांची नोटीस या वेळापत्रकात बसत नाही. बायआउट (नोटीसच्या उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर सुटणं) मिळतो का, आणि त्याची रक्कम बेसिकवर धरतात की ग्रॉसवर, हे एचआरच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं. ती रक्कम काढा आणि जानेवारीपासून दर महिन्याला थोडी बाजूला टाकत जा.