व्हॉल्व्ह आवळा आणि गारठा

'हीट पंपाला प्लेट एक्स्चेंजर जोडलाय? मग पंपाचा व्हॉल्व्ह पावच उघडा ठेवा. पाणी घाईत गेलं तर उष्णता घेतच नाही. शिवाय पंपाचं वीजबिल निम्मं!' हा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होता, मी सोडून देत होतो. (हीट पंप म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र. प्लेट एक्स्चेंजरमध्ये पातळ पत्र्यांच्या एका बाजूचं गरम पाणी, न मिसळता, पलीकडचं पाणी तापवतं. आणि व्हॉल्व्ह आहे तो पाणी फिरवणाऱ्या साध्या पंपाचा.) पण सिंहगड रोडचे आमचे मामा सोसायटीचे सेक्रेटरी. बोअरच्या जड पाण्यानं क्षार धरतात म्हणून त्यांनी एक्स्चेंजर बसवलाय. मेसेज वाचून त्यांनी प्लंबरकडून व्हॉल्व्ह आवळून घेतला. सकाळी साडेसहाला फोन: "अरे, हीट पंप सारखा ट्रिप होतोय."

होणारच, मामा! ३० किलोवॅटच्या हीट पंपातून सेकंदाला १ लिटर पाणी गेलं, तर ते साधारण ७ अंशांनी तापतं. प्रवाह पावपट केलात, तर तेवढीच उष्णता न्यायला २८-२९ अंशांची वाढ हवी. परतीचं पाणी ४५ वर असेल तर बाहेर ७३! नेहमीच्या हीट पंपाला ते झेपत नाही, गॅसचं प्रेशर चढतं आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद पडतं. घाईत जाणारा प्रत्येक लिटर कमी तापतो, पण लिटर चौपट जातात ना! उलट प्लेटांमधून पाणी रेंगाळलं की त्याची घुसळण कमी होते आणि उष्णता पलीकडे जाणंच मंदावतं. हळू येणारं पाणी हाताला जास्त गरम लागतं, एवढं खरं. सोलरच्या काही मांडण्यांत टाकीतले गरम-गार थर ढवळू नयेत म्हणून प्रवाह मुद्दाम कमी ठेवतात, हेही मान्य. पण ते हिशेब करून, पान्यानं नव्हे.

बिलाचं म्हणाल, तर ऊर्जा दक्षता ब्युरोच्या एनर्जी ऑडिटर परीक्षेच्या पुस्तकातलं पंपांचं प्रकरण उघडा. वीज वेगाच्या घनात बदलते: वेग निम्मा, तर वीज एक अष्टमांश. पण वेग कमी करायला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारं उपकरण लागतं. व्हॉल्व्ह आवळला तरी मोटर त्याच वेगानं फिरते, दाब व्हॉल्व्हवरच वाया जातो. पंपाचे चार पैसे वाचतील, पण जास्त तापमानाला चालणारा हीट पंप ते व्याजासकट खाईल.

आणि मेसेजसोबतच्या व्हिडिओत तर व्हॉल्व्ह चक्क सक्शनला, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूला आवळलाय! तिथं दाब पडला की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, आत फुटतात आणि इंपेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चाक कुरतडतात. पंपात खडे खडखडल्यासारखा आवाज आला, तर समजा तेच चाललंय.

'एक्स्चेंजर लावला की जुना पंप अपुरा पडतो' असंही म्हणतात. यात थोडं तथ्य आहे, प्लेटांचा अडथळा वाढतोच. पण आधी पंपाचा कर्व्ह, म्हणजे किती दाबाला तो किती पाणी देतो त्याचा आलेख बघा, मग खरेदी.

मामांना म्हटलं, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पाइपांवरची तापमानं मला पाठवा. प्लंबर येतोय, मात्र दोन्ही फेऱ्यांचे पैसे मागतोय.