एलईडी टाका, पण आधी गाडीच्या मागे जाऊन उभे राहा

परवा रात्री भाऊ माझ्या मागून त्याची गाडी चालवत येत होता, पोचल्यावर खाली उतरून पहिलं वाक्य हेच, "अरे तू ब्रेक मारतोस ते कळतच नाही, दोनदा मला जोरात ब्रेक दाबायला लागला." मला धक्काच बसला, कारण दोनच आठवड्यांपूर्वी मी मागचे सगळे बल्ब काढून एलईडी टाकले होते, आणि ते कशासाठी तर मागच्याला जास्त चांगलं दिसावं म्हणून! तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

बऱ्याच गाड्यांना मागे एकच बल्ब दोन कामं करतो. आत दोन फिलामेंट असतात, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या तारा, टेल लाईटचं (रात्री सतत चालू असणारा मागचा लाल दिवा) 5 वॅटचं आणि ब्रेकचं 21 वॅटचं. मागून येणारा माणूस तुमचा दिवा किती प्रखर आहे ते मोजत बसत नाही, तो एकदम वाढला की त्याला कळतं ब्रेक लागला. म्हणजे खरं काम त्या दोघांतला फरक करतो. मी टाकलेल्या बल्बची टेलच इतकी जोरात होती की ब्रेक दाबल्यावर जेमतेम थोडासा उजेड वाढायचा. आणि मी तपासलं कधी तर दुपारी, टेल बंद असताना, ब्रेक दाबला, लाल लागला, झालं काम! रात्री टेल चालू असताना काय दिसतं हे बघायचं सुचलंच नाही. इथे चूक माझीच.

दुसरी गोष्ट रंगाची. काच लाल आहे ना, मग आत पांढरा एलईडी चालेल असं मलाही वाटलं होतं. जुन्या फिलामेंटच्या उजेडात लाल भरपूर असतो, लाल काच तेवढाच बाहेर सोडते. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते आणि तिच्यावर उजेड पांढरा दिसावा म्हणून पिवळट फॉस्फरचा लेप, त्यात लाल कमी, त्यामुळे बराचसा उजेड काच आतच गिळते आणि जे बाहेर येतं ते कधीकधी गुलाबी झाक मारतं. लाल काचेमागे लाल एलईडी, पिवळ्या इंडिकेटरमागे पिवळा, आणि इंडिकेटरची काच पारदर्शक असेल तर पिवळाच बल्ब हवा, तिथे पांढरा टाकायचा विषयच नको.

मग रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागची चकचकीत वाटी. फिलामेंट म्हणजे एक बारीकशी तार, तिचा उजेड सगळीकडे जातो आणि ती तार नेमकी जिथे असते त्या जागेचा हिशोब धरून आतला रिफ्लेक्टर बनवलेला असतो. काही एलईडी बल्बांच्या सगळ्या चिप टोकाला असतात, उजेड सरळ पुढे जातो, रिफ्लेक्टर अंधारातच. मग मधे एक झगझगीत ठिपका आणि जरा बाजूला सरकून बघितलं की मिणमिणता दिवा. पाकिटावरचे ल्युमेनचे, म्हणजे एकूण उजेडाचे आकडे इथे काही कामाचे नाहीत.

इंडिकेटरचं दुखणं तर सगळ्यांना माहीत आहे, एलईडी टाकला की टकटकटकटक दुप्पट वेगाने सुरू. तो बिघाड नाहीये हो, करंट कमी झाला म्हणजे बल्ब गेला असं फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या रिलेला वाटतं आणि तो तुम्हाला सांगतो. मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकणं योग्य. रिले वेगळा काढता येत असेल तर एलईडीवाला रिले टाका, सगळ्यात स्वच्छ उपाय. फ्लॅशरला जुन्या बल्बाएवढा करंट दिसावा म्हणून रेझिस्टर लावायचा तर लक्षात घ्या, नेहमीचा 6 ओहमचा रेझिस्टर 12 व्होल्टवर 2 अँपिअर ओढतो, म्हणजे 24 वॅटची नुसती उष्णता. तो वायरिंगला टेप गुंडाळून किंवा प्लास्टिकला चिकटवून ठेवलेला बघितला की मला खरंच भीती वाटते, त्याला धातूच्या पत्र्यावर स्क्रूने बसवायचं. आणि वीज वाचते म्हणून एलईडी घेतला असेल तर ती बचत तिथेच संपली.

बाईकवाल्यांसाठी एक. मीटरवर दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरला मिळून एकच छोटा दिवा असेल तर एलईडी टाकल्यावर चारही इंडिकेटर एकदम लागू शकतात, कारण त्या छोट्या दिव्यातून करंट पलीकडच्या बाजूला जातो आणि एलईडीला पेटायला तेवढा पुरतो. तिथे दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) लावायला लागतात, रिले बदलून भागत नाही.

एवढं असूनही मी एलईडीच्या विरोधात अजिबात नाही. फिलामेंट तापून पूर्ण पेटायला साधारण 0.2 सेकंद घेतं, एलईडी लगेच लागतो. ताशी 100 किमीला 0.2 सेकंद म्हणजे साडेपाच मीटर, मागच्याला तेवढी जागा जास्त मिळते! शिवाय धक्क्यांनी तुटायला आत तारच नाही. फक्त तुमच्याकडे दिव्याच्या युनिटमधला बल्बचा प्रकार बदलायला परवानगी आहे का ते आधी बघा, बऱ्याच देशांत नाहीये.

आणि तपासायचं असं, एका बाजूला जुना बल्ब ठेवा, दुसऱ्या बाजूला नवीन, कोणाला तरी ब्रेकवर बसवा आणि तुम्ही मागे तीस-चाळीस पावलं जाऊन उभे राहा. टेल चालू करून बघा, मग ब्रेक, मग दोन्ही बाजूंनी तिरकं उभं राहून, आणि भर उन्हात परत एकदा. मी काल रात्री हेच केलं, भाऊ आत बसला होता. लाल एलईडीचा दुसरा जोड आणला होता तो टेलला मंद आणि ब्रेकला चांगला भडक निघाला, तो ठेवला. इंडिकेटरला मात्र जुनेच बल्ब परत लावले, कारण माझ्या गाडीत फ्लॅशर वेगळा निघतच नाही आणि रेझिस्टर बसवायला जवळपास धातूची जागा नाही.