92,040 रुपयांचा ग्लो

आज डोकं फिरलंय, त्यामुळं पोस्ट लांबणार आहे. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी आत्ताच पुढं सरकावं.

दुपारी मेडिकल बंद करून जेवायला निघाले होते, शटर अर्धं खाली ओढलेलं, तेवढ्यात एक मायलेकी वाकून आत आल्या. आईनं पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला आणि म्हणाली, "वहिनी, ही इंजेक्शनं तुमच्याकडं जरा कमीत मिळतील का बघा की, दवाखान्यात लई सांगायलेत." कागद म्हणजे एका स्किन क्लिनिकचं एस्टिमेट. वर गुलाबी अक्षरात ब्रायडल पॅकेज, खाली ग्लुटाथिओन ड्रिप (गोरं होण्यासाठी शिरेतून सोडतात ते) 8 वेळा 5,500 प्रमाणे, हायड्राफेशियल 4 वेळा 4,000, कार्बन लेझर (तोंडाला कार्बनचा लेप लावून मारतात ते) 4 वेळा 4,500. बेरीज 78,000, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 92,040. आणि त्याच्याखाली बॉलपेननं दोनदा गोल करून लिहिलेलं, आज बुक केलं तर एक पील (कातडीचा वरचा थर सोलून काढायचा प्रकार) फ्री.

पोरगी चोवीस-पंचवीसची. सुपारी फुटलीय, लग्न दोन महिन्यांवर. सावळी, तरतरीत, बीकॉम झालेली, नोकरी करते. आणि तिला कुणीतरी पटवून दिलंय की ह्या तोंडानं हळदीला बसायचं नाही. सांगलीत राहतो आपण, अख्ख्या देशाला हळद पुरवणारं गाव, आणि इथं हळद लागायच्या आधी पोरीच्या शिरेत सुई घालून तिला उजळ करायचं चाललंय.

आता आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. डी फार्म (औषधांचा डिप्लोमा) आहे, इतकी वर्षं काउंटरला उभी आहे, कुठलं औषध कशासाठी जातं आणि लोक ते कशासाठी नेतात ह्यातला फरक रोज बघते. त्यामुळं कुणी "तुम्हाला काय कळतं" म्हणायला येऊ नये.

तर ग्लुटाथिओन. हे काही परदेशातून आणलेलं अमृत नाही, आपलं लिव्हर ते रोज फुकट बनवतं. शिरेतून सोडलं की रक्तातलं प्रमाण काही मिनिटांतच उतरायला लागतं. गोरं होण्यासाठी ते टोचायला भक्कम पुरावा नाही, उलट फिलिपिन्सच्या एफडीएनं (औषधांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) 2011 मध्ये आणि अमेरिकेच्या एफडीएनं 2015 मध्ये अशा गोरेपणाच्या इंजेक्शनांपासून सावध राहा म्हणून लोकांना सांगितलं. फिलिपिन्समध्ये तर ह्याची लाट आपल्या आधीची, त्यांनी भोगून झाल्यावर सांगितलंय. आपल्याकडं त्याचं पॅकेज झालं. 44,000 रुपये, म्हणजे त्या कागदावरचा निम्म्याहून जास्त आकडा, फक्त ह्या एका गोष्टीचा. आई मला म्हणाली, भिशी लागलीय, तेवढी त्यात घालायची, उरलेल्याचं बघू. भिशी! वर्षभर मसाले कांडून, लोकांच्या पिको-फॉलच्या साड्या करून भरलेली भिशी.

हायड्राफेशियल म्हणजे तोंड मशिननं स्वच्छ धुणं. चांगलं वाटतं, दोन-चार दिवस चेहरा टवटवीत दिसतो, नाही असं नाही. पण चार वेळा चार हजार?

आणि जीएसटीची गंमत बघा. तापाला, खोकल्याला, हार्टला डॉक्टरकडं गेलात तर फीवर जीएसटी नाही. ह्याच्यावर 18 टक्के. म्हणजे सरकारच्या हिशेबात हा उपचारच नाही, हौस आहे. पण क्लिनिकमध्ये पांढरा कोट घालून, मशिनखाली तोंड धरायला लावून, स्क्रीनवर डाग मोठे करून दाखवून सांगतात ते मात्र आजार सांगितल्यासारखं. ती पोरगी मला म्हणते, "काकी, माझी स्किन एज एकतीस आलीय." अगं तुझं वय पंचवीस, आणि तुला हे सांगणारी बाई डॉक्टर होती का विचारलंस? तर नाही, ती काउन्सेलर. डॉक्टर शेवटी दोन मिनिटं आले आणि "हो, सुरू करू" म्हणून गेले.

सगळंच थोतांड आहे असं म्हणत नाही मी. बोटॉक्स चालतं. ते विषच आहे, नसेतून स्नायूला जाणारा निरोप अडवतं, स्नायू ढिला पडला की कपाळाची आठी पडत नाही, तीन-चार महिन्यांत असर ओसरतो. मुळात ते तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप मिटण्याच्या आजारासाठी आलं, कॅनडातल्या डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरुथर्स पेशंटना टोचत असताना भुवयांमधल्या आठ्या गेलेल्या दिसल्या आणि तिथून हा सगळा धंदा उभा राहिला, अमेरिकेत आठ्यांसाठी मंजुरी 2002 ची. मुरुमांच्या खड्ड्यांना लेझर किंवा मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं) चांगल्या डॉक्टरच्या हातात उपयोगी पडतं, तेही मान्य. मशिनी लाखांच्या असतात, त्यांचे हप्ते असतात, तेही मान्य. झालं मान्य करून.

पण ह्यातलं काहीही घाईत होत नाही हे कुणी सांगतं का? तरुण वयात कातडीचा वरचा थर बदलायला साधारण महिना जातो. लेझरनं नाहीतर सुईनं आत जाणूनबुजून बारीक जखम करायची आणि ती भरताना नवं कोलाजेन (कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन) तयार होईल ह्याची वाट बघायची, असा तो प्रकार असतो, आणि त्याला तीन-सहा महिने लागतात. शिवाय आपल्या सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त, तिला जरा चटका बसला की ती काळी पडते, गोऱ्या लोकांवर चालणारी सेटिंग आपल्यावर तशीच चालवली की डाग जायच्या ऐवजी नवे येतात. लग्नाच्या तारखेशी कातडीचं काही देणंघेणं नसतं. आणि पॅकेज विकलं जातं ते नेमकं तारखेवर. तारीख जवळ, आई घाबरलेली, बोला किती देता.

आता ज्याच्यामुळं मी खरी भडकले ते सांगते. कागद वाचता वाचता पोरीच्या तोंडाकडं नीट बघितलं. ट्यूबलाइटच्या उजेडात गालावर बारीक लाल शिरा दिसत होत्या, जाळीसारख्या. कानाजवळ लव वाढलेली. हनुवटीवर एकसारखे बारीक फोड. म्हटलं, बाई, तोंडाला काय लावतेस? तर म्हणाली, पार्लरच्या ताईंनी क्रीम दिलंय, दीड वर्ष झालं, लावलं की छान दिसतं, नाही लावलं की आग होते. फोटो दाखवला मोबाइलवर. ओळखीची ट्यूब. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. हे मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड.

ती ट्यूब डॉक्टर वांगासाठी मोजके आठवडे देतात, लक्ष ठेवून देतात. स्टेरॉइडनं आधी रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा झटकन उजळ वाटतो, मग कातडी पातळ होते, शिरा दिसतात, केस येतात, फोड येतात, आणि सोडायला गेलं की तोंड लालबुंद होऊन जळतं म्हणून माणूस परत तेच लावतं. आपल्या देशात हे इतकं बोकाळलं की 2018 च्या मार्चमध्ये सरकारला 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकावी लागली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. आणि आपले लोक देतात. आमच्याच धंद्यातले देतात, त्यांना राग आला तर येऊ दे.

आणि त्या क्लिनिकमध्ये, जिथं तिची स्किन एज काढली, तिथं कुणीही, एकाही माणसानं तिला विचारलं नाही की तू तोंडाला काय लावतेस. अशा पातळ झालेल्या कातडीवर हे कार्बन लेझर मारणार होते, चार वेळा. 18,000 घेऊन.

पार्लरमधल्या बिननावाच्या डब्यांची तर वेगळीच तऱ्हा. अकोल्याची बातमी विसरलात का, 2023 ची? एका घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, किडन्या बिघडल्या म्हणून मुंबईला केईएम हॉस्पिटलपर्यंत गेल्या आणि शेवटी सापडलं काय तर गोरेपणाच्या क्रीममधला पारा.

जरा थांबून चहा घेऊन आले. त्या आईवर चिडले होते मी, खरं सांगते, पण आता लिहिताना राग तिच्यावर राहिलेला नाही. ती सारखी एकच म्हणत होती, "पाहुणे काय बोलले नाहीत हो, पण बघायला आल्यावर त्यांच्या आत्यानं पोरीचं तोंड खिडकीकडं वळवून बघितलं." त्या एका वळवण्याचे 92,040 रुपये. पोरगी हे ऐकताना माझ्या काउंटरवरच्या गोळ्यांच्या जाहिराती वाचत बसली होती, मान वर केली नाही. म्हणू दे कुणी म्हणायचं तर, तिचे पैसे तिची मर्जी. असेल. तिची मर्जी कुणी विचारलेली मला तरी दिसली नाही.

मी त्यांना काय सांगितलं ते इथंही लिहिते. पहिलं, ते क्रीम आजच्या आज झटक्यात बंद करू नको, स्किनच्या डॉक्टरांकडं जा, स्किनमध्ये एमडी किंवा डीव्हीडी (स्किनचा डिप्लोमा) असलेल्या, ते सोडवतील. पैशाचं अवघड असेल तर मिरजेच्या सिव्हिलला स्किनची ओपीडी आहे, रांग असते, पण तिथं पॅकेज कुणी विकत नाही. दुसरं, सनस्क्रीन. हसू नका. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 903 लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, 2013 ला छापून आला, रोज लावणाऱ्यांच्या कातडीचं वय होणं 24 टक्क्यांनी कमी दिसलं. आणि अमेरिकेतल्या त्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो शोधून बघा, 28 वर्षं एका बाजूच्या काचेतून ऊन खाल्लं, तोंडाची तेवढीच बाजू सुरकुतून लोंबलेली, दुसरी ठीकठाक. चार-पाचशेची ट्यूब आणि स्कूटीवर बांधता तो स्कार्फ, ज्याच्यावर पुरुष मंडळी इतके विनोद करतात, ह्या दोन्हींनी जे होतं ते ड्रिपनं होत नाही.

तिसरं ट्रेटिनॉइन. मुरुमांचं जुनं औषध, अल्बर्ट क्लिगमन ह्यांनी 1986 मध्ये दाखवून दिलं की उन्हानं खराब झालेली कातडीही ह्यानं सुधारते. (ह्याच माणसानं फिलाडेल्फियाच्या तुरुंगात कैद्यांवर प्रयोग केले, तेही विसरायचं कारण नाही.) सुरकुत्यांवर इतका जुना आणि पक्का पुरावा असलेलं लावायचं औषध दुसरं मला तरी माहीत नाही, आणि ट्यूब दीड-दोनशेची. त्यात कमिशन काय मिळणार कुणाला? म्हणून पॅकेजच्या कागदावर ते नसतं. अर्थात ह्या पोरीला ते आत्ता लगेच नाही, आधी स्टेरॉइड सुटू दे.

आईनं कागद परत घड्या घालून पर्समध्ये ठेवला. फाडला वगैरे नाही. बुक करतील की नाही मला माहीत नाही, पील फ्रीची मुदत आज रात्रीपर्यंत होती म्हणे.

आणि आता ही पोस्ट वाचून उद्या सकाळी ट्रेटिनॉइन द्या म्हणून माझ्या दारात येऊ नका. ते पण शेड्यूल एच आहे, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही, ओळखीचे असलात तरी नाही. दिवस गेलेत किंवा चान्स घेताय तर चिठ्ठी आणलीत तरी आधी मी तुमच्या डॉक्टरांना फोन करणार. सनस्क्रीन न्या, त्याला चिठ्ठी लागत नाही. एमआरपीवर दहा टक्के सोडते, पण उधारी नाही.