दोन तोंडांचा जानेवारी

एका लेखात जानेवारीचं नाव जेनस या दोन तोंडांच्या रोमन देवावरून आलंय असं वाचलं आणि हसूच आलं, कारण सोमवारी रत्नागिरीच्या एसटीत माझीपण तीच गत होती, एक तोंड घराकडे नि एक ऑफिसकडे. आठवडाभर गावी आंब्याच्या कलमांना मोहोर आलेला बघत, तुडतुड्यावर फवारणी करत काढला, अंगाला अजून औषधाचा वास, आणि मस्टरवर सही करताना तारखेत जुनंच साल टाकलं, खोडून वर नवीन लिहिलं तर साहेब म्हणाले दरवर्षीचंच आहे तुमचं!

त्या लेखात एक भर घालतो. डिसेंबर म्हणजे लॅटिनमधे दहावा, कारण रोमन लोक जुनं वर्ष मार्चपासून मोजायचे, ते नाव बाराव्या महिन्याला तसंच चिकटून राहिलं. जुलै-ऑगस्ट तर सरळ ज्युलियस सीझर नि सम्राट ऑगस्टसच्या नावाने. त्यापेक्षा आपलं बरं वाटतं मला, पौर्णिमेला चंद्र पुष्य नक्षत्राजवळ असतो म्हणून पौष, चित्रेजवळ म्हणून चैत्र, रात्री अंगणात उभं राहून बघता तरी येतं. पगार मात्र जानेवारीचाच मिळतो, पौषाचा कोण देणार :)