नुसती लाठी म्हणजे राज्यसंस्था नव्हे

दादा, कॉमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की राज्यसंस्था लोकांच्या मान्यतेवर उभी असते हे मी लिहिलं ते पुस्तकी आहे, मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञानं 1919 सालीच बळाची मक्तेदारी म्हणजे राज्यसंस्था असं सांगून ठेवलंय, आणि बेळगावात राहून 17 जानेवारी 1956 चा गोळीबार, 1986 चं कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन विसरून असं लिहवतं तरी कसं.

विसरलो नाही हो. पण वेबरचं अर्धंच वाक्य घेतलंय तुम्ही. तो नुसतं बळ म्हणत नाही, ‘अधिकृत’ बळ म्हणतो, आणि ते अधिकृत ठरतं ते लोक तसं मानतात म्हणून. आता हेच आपल्याकडं लावून बघा. लाठीनंच भागत असतं तर सीमाप्रश्न 1956 लाच मिटला असता की. रेघ ओढली, बंदोबस्त लावला, सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं 1967 ला बेळगाव म्हैसूर राज्यातच, म्हणजे आताच्या कर्नाटकातच, राहू दे म्हणून रिपोर्ट दिला, तरी अजून 1 नोव्हेंबरला लोक काळा दिन पाळतात आणि 17 जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला जमतात. बळ होतं, आहे, पण मान्यता काय त्यातनं आपोआप आली नाही. हे आपल्याइतकं जवळून कुणी बघितलंय?

आणि राज्यसंस्था म्हणजे पोलीस एवढंच धरलं तर तिचं रोजचं काम दिसतच नाही. 1956 ला बेळगाव, खानापूर मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं, पण त्या दिवशी कायदे बदलले नाहीत, राज्य पुनर्रचना कायद्यात 119 कलमच होतं की ज्या भागात जो कायदा लागू आहे तो बदलेपर्यंत तसाच चालणार, म्हणून मुंबईचा 1948 चा कूळकायदा इथं चालूच राहिला, पुढं म्हैसूरचा 1961 चा जमीन सुधारणा कायदा लागू होईपर्यंत. राजधानी बदलली, कुळाचा हक्क त्याच कायद्याखाली. हे चालू राहणं पण राज्यसंस्थाच, आणि त्यासाठी प्रत्येक बांधावर कुणी काठी घेऊन उभं नव्हतं, उताऱ्यावरचं नाव खरं असं सगळ्यांनी धरलेलं होतं म्हणून ते चाललं.

म्हणून तर महाराष्ट्र 2004 ला राज्याराज्यांतल्या वादासाठी असलेल्या घटनेच्या 131 कलमाखाली सुप्रीम कोर्टात गेला. सीमा मान्य नाही, पण निवाडा करणारं कोर्ट मान्य आहे. तुमच्या व्याख्येत ह्या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

शेवटी विचारलंय, मग इथल्या मराठी माणसानं करायचं काय? मान्यता पाहिजे असेल तर राज्यसंस्थेनं ती आपल्याकडनं मिळवायला पाहिजे, आणि ती कशी मिळवायची हे लिहून ठेवलंय. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत द्यायची सोय घटनेच्या 350अ कलमात आहे. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांवर असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी नोटिसा त्यांच्या भाषेत काढायच्या असंही केंद्र आणि राज्यांनी मिळून ठरवलेलं आहे. तुमच्या तालुक्यात मराठी लोक किती ते बघा, नोटीस मराठीत येत नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.