आमच्या घरी केवडा आला

बायकोचं माहेर निफाड. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे काय झालं त्याचं मूळ तिकडून आलं, अगदी खुंटासकट. लग्नात सासऱ्यांनी अंगठी दिली होती ती बरी होती, तिला फवारणी लागत नव्हती.

2022 च्या फेब्रुवारीत अण्णा, म्हणजे सासरे, आमच्याकडे आले ते पिशवीतलं द्राक्षाचं रोप मांडीवर घेऊनच. निफाडहून रत्नागिरी, एसटीने, एवढ्या प्रवासात त्यांनी म्हणे ते एकदाही खाली ठेवलं नाही. (नातवाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा पाच मिनिटांत परत दिला होता, हे बायकोनेच नोंदवलंय.) घरात तसा आंबा-द्राक्ष वाद जुनाच. हापूसला 2018 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा मी पेढे आणले होते तर बायको म्हणाली, नाशिकच्या द्राक्षांना तुमच्या आधीच मिळालंय, पेढा दे. त्यामुळे अण्णा रोप पुढे करून "जावईबापू, तुमच्याकडं लावून बघा की एक" म्हणाले तेव्हा त्या 'बघा की' मध्ये काय भरलंय ते मला कळलं होतं, आणि कळूनही मी हो म्हणालो.

आता आमच्याकडे बागकाम म्हणजे काय, तर जूनमध्ये काहीतरी खोचायचं आणि सप्टेंबरात कोयती घेऊन ते कमी करायचं. मधलं सगळं पाऊस बघतो. माणसाने झाडाकडे रोज जाऊन बघायचं, त्याची विचारपूस करायची, ही पद्धतच नाही. आई पडवळाची बी लावताना सुद्धा मातीत बोटाने भोक पाडते, बी टाकते, आणि "ये हो वर" म्हणून निघून जाते. आणि तो येतो.

अण्णांनी मात्र जाताना फुलस्केपची दोन पानं लिहून दिली. खालचा खुंट डॉगरिज, मूळचा अमेरिकेतला, टेक्सासकडचा. त्यावर कलम थॉम्पसन सीडलेसचं. डॉगरिज का, तर पाण्याचा ताण आणि खारवट जमीन सोसतो म्हणून. मी वाचून खूश झालो, कारण खारं वारं आमच्याकडे फुकट आहे. नंतर लक्षात आलं की पाण्याचा ताण म्हणजे कमी पडण्याचा. जास्त पाण्याचा ताण ही भानगड त्या कागदावर कुठेच नव्हती. निफाडला अख्ख्या वर्षात जेवढा पाऊस पडतो तेवढा आमच्याकडे एकट्या जुलैत पडतो आणि वर उरतो. आमचं गाव पावसच्या अलीकडे, म्हणजे पत्त्यातच पाऊस लिहिलेला, अण्णांनी निदान पत्ता तरी नीट वाचायचा.

जांभ्यात दोन बाय दोनचा खड्डा म्हणजे दोन माणसं, एक पहार, तीन चहा आणि चौथ्या चहाला "दगड लागलाय, एवढ्यातच बसवा" हा निकाल. शेणखत घातलं, रोप लावलं, लोखंडी पाइपचा मांडव केला, वर तारा ओढल्या. वेलीने त्या तारांकडे बघेपर्यंत जून उजाडला आणि आईने तिथेच शेजारी पडवळ लावला. मांडव रिकामाच आहे म्हणून. ऑगस्टपर्यंत पडवळाने सगळ्या तारा बळकावल्या, दीड-दीड हाताची पडवळं लोंबायला लागली आणि त्यांच्यामधून माझं द्राक्ष गर्दीच्या एसटीत लहान मूल वर बघतं तसं वर बघायचं.

जुलैत पानांवर तेलकट पिवळे डाग दिसले. व्हिडिओ कॉल लावला. "पानाची खालची बाजू दाखवा," अण्णा म्हणाले. खाली पांढरी बुरशी. (हे वाक्य मी पुढे तीन वर्षं सकाळी सहाला ऐकत आलोय, पानाची खालची बाजू दाखवा. माझा चेहरा त्यांनी या काळात पाहिलाय की नाही शंका आहे.) अण्णा शांतपणे म्हणाले, "केवडा आलाय, जावईबापू."

फोन स्पीकरवर होता. आई माजघरातून हात पुसत धावत आली. "केवडा आलाय? कुठं? अरे मेल्या, मग वास कसा नाही?" गणपती दीड महिन्यावर होते हो, तिचा काय दोष. तिला समजावून सांगितलं की हा केवडा म्हणजे द्राक्षाचा रोग, यात पानं करपतात आणि गळतात. ती म्हणाली, "एवढं चांगलं नाव रोगाला कोण ठेवतं?" आणि निफाडच्या लोकांबद्दल तिचं मत तेव्हा जे झालं ते झालंच. पुढे हिवाळ्यात अण्णांनी "आता भुरी आली" म्हटलं (हाही द्राक्षाचा रोगच) तर तिने आधी गडग्याकडे बघितलं, तिला वाटलं शेजाऱ्यांची गाय शिरली.

केवड्यावर उपाय बोर्डो. हे मात्र आमच्याकडच्यांना नवीन नाही, सुपारीच्या कोळेरोगावर हेच मारतात. घरगुती माप शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, दहा लिटर पाणी. धातूचं भांडं चालत नाही म्हणून मी न्हाणीघरातली प्लास्टिकची बादली घेतली आणि इथे चुकलो, कारण ती अजूनही निळसर आहे आणि मुलगा त्यातून अंघोळ करायला तयार नाही. मिश्रण जमलं की नाही बघायला त्यात लोखंडी पातं बुडवायचं, त्यावर तांब्याचा तांबूस थर दिसला तर चुना अजून हवा. मी आईची विळी बुडवली. त्यानंतर घरात दोन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही आणि विळी चिंचेने घासायचं काम माझ्याकडे आलं.

या औषधाची गोष्ट मला फार आवडते पण. फ्रान्समध्ये बोर्डोकडे रस्त्याकडेच्या वेलींवर लोक हे निळं पाणी मारून ठेवायचे, जाणाऱ्या-येणाऱ्यांना विष वाटावं आणि त्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्रोफेसराच्या लक्षात आलं की नेमका रस्त्याकडेच्याच वेलींना केवडा नाही, मग त्याने प्रयोग करून 1885 मध्ये ते जगाला सांगितलं. म्हणजे मूळ शोध चोरांसाठी. मला तेव्हाच विचारायला हवं होतं की हे वानरांवर चालतं का.

रोग एकवेळ परवडला, छाटणीने जीव घेतला. या वेलीला वर्षातून दोनदा कापायचं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, नव्या काड्यांसाठी, आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, फळासाठी. एप्रिलमध्ये! कोकणात एप्रिलमध्ये माणसाला स्वतःचं डोकं खाजवायला वेळ नसतो, आंबे उतरवायचे, पेट्या भरायच्या, मुंबईच्या नातेवाइकांना "यंदा कमी आहे" सांगायचं, त्यात मी कात्री घेऊन चांगली हिरवीगार वेल बोडकी करतोय आणि आई पडवीत कपाळाला हात लावून बसलीये. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारायचा, मेली काय हो?

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर औषधाची पेस्ट लावतात. अण्णांनी ती बाटली पाठवली आणि फोनवर बजावलं, हातात मोजे घाला आणि लावणाऱ्याने दारूला शिवायचं नाही, त्या औषधाचं आणि दारूचं अंगात भांडण होतं, माणूस आडवा पडतो. हे खरंच आहे. मदतीला आलेल्या शेजारच्या भाऊंनी हे ऐकलं आणि त्यांना एकदम आठवलं की आज त्यांच्याकडे सुपारी सोलायची आहे. ज्या फळाची दारू होते त्याच्या कामाला दारूबंदी, हे त्यांना काही पटलं नाही. मी पण ती बाटली शेवटी उघडली नाही, जशी होती तशी परत केली. डोळे फुटले, पण आपापल्या सवडीने, सरकारी ऑफिसात लोक येतात तसे.

2023 च्या त्या छाटणीनंतर घड बाहेर पडले. इवलेसे, दोन काड्यांवर. मी फोटो काढून अख्ख्या भावकीला पाठवले. आठ दिवसांनी बघतो तर घडाच्या जागी वेलीची तणावे, गोल गोल वळलेली. अण्णा म्हणाले, "घड जिरले." हा त्यांच्याकडचा शब्द. एप्रिलच्या छाटणीनंतर महिना-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात घड तयार व्हायला लागतो, त्याला तेव्हा ऊन लागतं, आणि आमच्याकडे तेव्हा आभाळ भरून यायला लागलेलं. घड अर्धवट राहतो आणि पुढे त्याची तणावे होतात. बायको म्हणाली, घडच नाही जिरले फक्त. आणि हसली. लग्नाला पंधरा वर्षं झाली, एवढं मनापासून क्वचित हसते.

पुढच्या वर्षी मी खरड छाटणी आंबा बाजूला ठेवून एप्रिलच्या पहिल्याच दिवशी केली, पडवळाला मांडवबंदी केली (आईने याची वेगळी नोंद ठेवली आहे), आणि 2025 च्या जानेवारीत चार घड लागले. चार! बायकोने शिवणाच्या कात्रीने विरळणी केली, आई बघून म्हणाली, आधी महिनोन् महिने वाट बघायची मग अर्धे कापून टाकायचे. बुलबुलांसाठी मच्छरदाणी बांधली, त्यामुळे महिनाभर आम्हीच डासांना उघडे. मण्यांत पाणी उतरायला लागल्यावर अण्णांच्या सांगण्यावरून घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला, तिकडे निर्यातीच्या मालाला करतात तसा. आणि एका सकाळी बघतो तर वानर मच्छरदाणीच्या आत, मांडवावर पाय सोडून बसलेलं, माणसं वडापावचा कागद सोडतात तसा नीट कागद सोडून खातंय. एकेक मणी. चावून बघायचं आणि थुंकायचं. तीन घड त्याने असे चाखले.

चौथा वाचला. मणी करवंदाएवढे. देवापुढे ठेवला, मग प्रत्येकाने एकेक तोंडात टाकला आणि सगळेजण थोडा वेळ समुद्राच्या दिशेने बघत राहिलो. कोल्ह्याचा विनोद त्या दिवशी गावातल्या अकरा जणांनी केला, मी मोजलेत. दुपारी जेवताना बांगड्याच्या आमटीला काहीतरी वेगळा आंबटपणा लागला. आईला विचारलं तर म्हणाली, "आमसुलं संपली होती." अण्णांना अजून हे सांगितलेलं नाही.

जूनमध्ये निफाडला गेलो तेव्हा मी पण रिकाम्या हाताने गेलो नाही. हापूसचं कलम, आमच्या ओळखीच्या नर्सरीतलं, मांडीवर ठेवून, एसटीने. "अण्णा, तुमच्याकडं लावून बघा की एक." काळ्याभोर जमिनीत त्यांनी हौसेने लावलं.

या जानेवारीत निफाडचा पारा पडल्याची बातमी टीव्हीवर आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन. व्हिडिओ. अण्णा कानटोपी घालून, मफलर गुंडाळून, कलमाजवळ उकिडवे. "जावईबापू, नवी पालवी काळी पडलीये हो. काय करावं?"

मी उठून बसलो, चष्मा लावला, बायकोला चहा ठेवायला सांगितला.

"अण्णा," म्हटलं, "आधी पानाची खालची बाजू दाखवा."