फरदड पलटण

आज सकाळी चहाच्या टपरीला सायकल टेकवतो न टेकवतो तोच आतून आवाज आला, "या, या, सेनापती! फरदड पलटन कुठवर आली?" सगळी टपरी हसली. विचारणाऱ्या पोट्ट्याला अजून मिसरूड फुटायचं आहे. मी चहा न पिताच परत आलो आणि घरी येऊन बायकोवर डाफरलो. तिचा काहीच संबंध नव्हता.

वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगतो. वेचण्या संपल्या की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, उपटायची असते. ती न उपटता, लोभापायी पाणी देऊन तिच्याकडून जो उरलासुरला कापूस ओरबाडतात, तो फरदड. धागा आखूड, बोंडअळीने खाल्लेला, डागी. त्यावर बोंडअळी पोसली जाते म्हणून फरदड घेऊ नका, असं कृषी खातं दरवर्षी बजावतं. आणि आमच्या बापूजींनी हा शब्द वापरला माझ्या सैन्यासाठी.

सैन्य म्हणजे इंचभर उंचीचे, २८ मिलिमीटरचे शिपाई. ते मागवायचे, रंगवायचे आणि टेबलावर लढवायचे, असा माझा छंद आहे. वय काय, पोरं केवढी झाली, तुरीला फवारणी कधी करणार, हे सगळे प्रश्न घरात विचारून झालेले आहेत. सध्या मी अडगावची लढाई मांडतो आहे. तेच आपलं तेल्हारा तालुक्यातलं अडगाव. २९ नोव्हेंबर १८०३. एकीकडे इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, दुसरीकडे नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज. तिचा सेनापती त्यांचा भाऊ मन्याबापू, आणि मदतीला शिंद्यांचे घोडेस्वार. आपण हरलो. १५ डिसेंबरला गाविलगडचा किल्लाही गेला आणि १७ तारखेला देवगावचा तह झाला.

इंग्रजांचे लाल डगले एका दुपारी रंगवून झाले. रडवलं ते आपल्या लोकांच्या पांढऱ्या धोतरांनी. डबीतला पांढरा सरळ फासला की शिपाई खडूच्या कांडीसारखा दिसतो, घडी नाही, अंग नाही. रंग घट्ट राहिला तर वर भुकटी धरते. म्हणून आधी जुन्या हाडासारखा करडट-पिवळा हात द्यायचा, घड्यांच्या खोलगटीत तो तसाच सोडायचा आणि उंचवट्यांवर पातळ पातळ हातांनी उजळत जायचं. निव्वळ पांढरा लावायचा तो शेवटी, गुडघ्यावरच्या घडीच्या कडेला, केसाएवढा. म्हणजे पांढरं धोतर रंगवायचं तर पांढऱ्याची डबी जवळपास बंदच ठेवायची.

त्यात आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही. रंग पातळ केला तर वाळल्यावर धोतरावर मिठाची पुटं. शेवटी बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणलं. त्याने विचारलं, "कोनत्या ट्रॅक्टरले टाकाचं?" मी म्हटलं, "धोतराले." तेव्हापासून तो मला उधार देत नाही.

तर परवा दुपारी मी ओसरीवर चाळीस शिपाई मांडून, डोळ्याला भिंग लावून बसलो होतो. आणि बापूजी आले.

बापूजी म्हणजे आमच्या गल्लीचे ज्येष्ठ. वय ऐंशीच्या पुढे, नजर घारीची, धोतर असं पांढरं की उन्हात बघवत नाही. एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच घ्यायच्या काळात ते कापसाचे ग्रेडर होते. तेव्हा खासगी व्यापाऱ्याला कापूस विकायची सोय नव्हती, त्यामुळे ग्रेडरने बोंडाचा पिंजा चिमटीत धरून जे तोंडातून काढलं तोच भाव. ती नोकरी जाऊन जमाना झाला, पण चिमूट गेलेली नाही.

"काय करून राह्यला रे?"

"धोतरं रंगवून राह्यलो, बापूजी."

"धोतर पांढरं असते. त्याले काय रंगवा लागते?"

"घड्यांत सावली टाकून राह्यलो."

"सावली का टाकाची चीज आहे, लेका? ऊन पडलं का थे आपोआप पडते."

आता यांना कसं सांगावं, की ऊन सगळ्यांना सारखं असलं तरी इंचभर माणसाच्या धोतराची घडी नखाएवढीही खोल नसते, तिच्यात सावली धरतच नाही, म्हणून ती हाताने रंगवावी लागते. तरी सांगितलं. मन लावून ऐकलं त्यांनी.

"मंग हे मळकं काहून दिसते?"

"मळकं नाही जी, तीच सावली."

"धुतलं तं जाईन?"

"नाही जात."

"मंग मळच आहे तो."

"बापूजी, ही अडगावची लढाई आहे. दिवस कलल्यावर सुरू झाली. तिरप्या उन्हात पांढरं पिवळसर दिसते. पुढं तं पाठलाग चांदण्यात झाला."

"कोन जितलं?"

"इंग्रज."

"असंच होईन. दिवस बुडाल्यावर कोनी माल आनते का? आम्ही अंधारात ग्रेडिंग करतच नव्हतो."

असं म्हणून त्यांनी खाट ओढली, बसले, आणि मी 'अहो ओला आहे' म्हणेपर्यंत एक शिपाई उचलला. चिमटीत धरला. उन्हाकडे केला. फुंकर मारली. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी, कापसाचा धागा ताणून बघतात तसा, त्याला ताणून बघितला! धातूचा शिपाई तो, ताणणार काय? पण पाठीवरचा दोन तासांचा हात बापूजींच्या अंगठ्याला गेला, आणि शिपायाच्या पाठीवर अंगठा उमटला, सातबाऱ्याच्या फेरफारावर उमटावा तसा ठसठशीत.

"फरदड," बापूजी म्हणाले, आणि त्याला डावीकडे ठेवलं.

मग दुसरा. मग तिसरा. मला बोलताच येईना. एव्हाना ओसरीसमोर चार माणसं थांबली होती, त्यातलं एक टपरीवाल्याचं पोरगं. अर्ध्या तासात माझ्या चाळीस जणांचे तीन ढीग झाले: सुपर, एफएक्यू म्हणजे मधला सरासरी माल, आणि फरदड. सुपरमध्ये गेले ते माझे पहिले बारा, जेव्हा मला काहीच येत नव्हतं तेव्हा चुन्यासारखे थापलेले, ज्यांचा रंग खरवडून काढायचं मी ठरवलं होतं. आणि ज्यांच्यावर दिवाळीपासून डोळे फोडले ते सगळे फरदडमध्ये. एका शिपायाला तर त्यांनी ढिगातच घेतलं नाही. "हा परत घेऊन जाय," म्हणाले.

लोक हसले. मीही हसलो. पण ते 'परत घेऊन जाय' मला हसू देईना.

कारण ते मी आधी ऐकलं होतं. दहा-बारा वर्षांचा असेन. आमची बंडी, म्हणजे कापसाची बैलगाडी, खरेदी केंद्रावर पोचली तेव्हा दिवस मावळला होता. काटा बंद. रात्रभर बाबा बंडीखाली, मी कापसावर. सकाळी बापूजी आले, असंच पांढरंशुभ्र धोतर. चिमटीत पिंजा धरला, उन्हाकडे केला, फुंकर मारली आणि म्हणाले, "कवडी लय आहे. खालच्या ग्रेडात देत असशीन तं दे, नाही तं परत घेऊन जाय." बंडी परत नेणं बाबांना परवडणार नव्हतं. घरी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. तो कापूस माझ्या आईने वेचला होता, कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळी काढून. मी त्यावर झोपलो होतो, मला माहीत आहे तो कसा होता. पांढरं सोनं म्हणतात याला. म्हणणाऱ्यांनी ते कधी काट्यावर घातलं असेल असं वाटत नाही.

बापूजींना यातलं काही आठवत असणं शक्य नाही. त्या हंगामात त्यांनी शेकडो बंड्या बघितल्या असतील.

काल संध्याकाळी ते समोरच्या ओट्यावर बसले होते. ऊन तिरपं. मी सूड म्हणून त्यांच्या धोतराकडे भिंगातून बघितलं. कुठे डाग सापडतो का ते बघत होतो, खोटं कशाला बोलू. डाग नव्हता. पण पांढरंही कुठे नव्हतं! गुडघ्यावर सोनेरी, मांडीवर सायीसारखं, आणि घडीच्या आत चक्क निळसर. नीळ घालतात ना ते धोतराला. मी आपला हंगामभर सावलीत करडा कोंबत बसलो होतो.

रात्री डिस्टिल्ड वॉटरच्या एका थेंबात सुईच्या टोकाएवढा निळा घेतला आणि तीन शिपायांच्या घड्यांमधून फिरवला. जमलं. अशी चिडचिड झाली म्हणून सांगू!

आज टपरीवरून परत आलो तर बापूजी ओसरीवर हजर. चिमटीत कालच्या तिघांपैकी एक, या वेळी वाळलेला.

"आता कसं!" म्हणाले. "धुतलं ना?"

वाद घालायची ताकद नव्हती. "हो जी. धुतलं."

"पानी कोनतं घेतलं?"

"बॅटरीचं."

"तरीच," बापूजी म्हणाले, आणि शिपाई एफएक्यूमध्ये ठेवला.